स्वल्पविरामापुढची जन्मतारीख

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तर मी जुडी उलटी करून बघते. शेजारीण गोड बोलायला लागली की माझ्या मनात पाल चुकचुकते. लहानपणी मी अशी नव्हते. हा स्वभाव मला नोकरीत जडला, आणि ती नोकरी होती जळगावच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात संगणक चालवण्याची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. संस्थेच्या शाळा जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या, कार्यालय जळगावला. पहिल्या दिवशी मुख्य कारकुनांनी मला पाणी विचारलं, गाव विचारलं आणि चहा येईपर्यंत दम धरून मग कोणत्या कोट्यातून आलीस तेही विचारलं. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणू लागले. आम्ही बौद्ध. वडील पोस्टात होते. त्यांनी आम्हा दोघी बहिणींना एक गोष्ट पक्की पढवली होती, की आपल्या कामात चूक निघाली तर लोक तिला चूक म्हणत नाहीत, लायकी म्हणतात. त्यामुळे मी प्रत्येक कागद तीनदा तपासायचे आणि माझ्या टेबलाजवळ कोणी रेंगाळलं की पडद्याचा उजेड कमी करायचे.

रेंगाळणारे पुष्कळ होते. संगणकाच्या खोलीत कूलर होता आणि बाकी कार्यालयात नव्हता. एप्रिल-मेमध्ये जळगावात कूलर असलेल्या खोलीला जितकी कामं निघतात तितकी वर्षभरात निघत नाहीत. दाराबाहेर चपला काढून एकेक जण आत यायचा, धूळ जाऊ नये म्हणून तसा नियमच होता. आत आला की ‘काय चाललंय’ म्हणत पडद्यात डोकावायचा. मला वाटायचं, हे सगळे माझ्या चुका शोधायला येतात. आता वाटतं, निम्मे तरी फक्त घाम वाळवायला येत असतील.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे नाना. त्यांना पुण्याच्या कुणीतरी संगणकाच्या मासिकाबरोबर आलेली एक सीडी दिली होती. तीत एक डेटाबेस होता, म्हणजे माहिती साठवून ठेवायची आणि हवी तशी काढून द्यायची व्यवस्था. परदेशातल्या चार-पाच जणांनी मिळून तो लिहिला होता आणि फुकट वाटला होता. नुसता फुकट नाही, तो कसा लिहिला ती सगळी मूळ संहिताही सोबत दिलेली, वाचा, बदला, काय वाटेल ते करा. तोवर आमच्याकडे सगळं फ्लॉपीवर कुणाकुणाकडून उतरवून आणलेलं होतं आणि नानांना धाडीची धास्ती होती. फुकट आणि वर कायदेशीर म्हटल्यावर नानांची कळी खुलली. आबांनी मात्र सीडी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

“फुकट कोनी काही देत नही,” ते म्हणाले. “काही ना काही शे.”

आबांशी माझं एकमत झालं ते बहुधा तेवढंच. मलाही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. हे लोक आमच्या शिक्षकांची माहिती पळवणार असतील का, असं मी दोन दिवस मनाशी घोळवत होते, वास्तविक आमच्या यंत्राला साधी टेलिफोनची तारही जोडलेली नव्हती. मूळ संहितेच्या फाइली मी उघडून पाहिल्या. पानंच्या पानं होती. एवढं उघडं ठेवलंय म्हणजे खरी भानगड दुसरीकडेच लपवली असणार, अशी खात्री करून घेऊन मी त्या बंद केल्या. सोबत माहितीची एक फाइल होती, तीही वाचली नाही. माहितीच्या फाइलीत कोण भानगड लिहून ठेवणार?

पाडव्याला मुहूर्त केला. नानांनी नारळ फोडला, संगणकाला हळदकुंकू लागलं, कळफलकावर पडलेल्या अक्षता मी दोन दिवस टाचणीने काढत होते. पहिली नोंद करायची म्हणून आबांनी कपाटातून शिक्षकांच्या फॉर्मांचा शेवटचा गठ्ठा काढला. आबांचे गठ्ठे लाल फितीत बांधलेले असत, रुजू होण्याच्या तारखेप्रमाणे, आणि एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा एक गठ्ठा. गठ्ठ्यातही वयाने मोठा वर, लहान खाली. हा गठ्ठा आठ जणांचा होता. संस्थेतली शिक्षकांची शेवटची भरती ती, त्यानंतर कोणी लागलंच नव्हतं.

सगळ्यात वरचा फॉर्म फैजपूरच्या शाळेतल्या एका बाईंचा होता. नवरा गेल्यावर त्या नोकरीत आलेल्या, म्हणून आठांत वयाने मोठ्या. आबांनी तो फॉर्म उचलला, नानांकडे पाहिलं आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. शुभ कामाची सुरुवात आहे, दुसरा घे, म्हणाले.

मला राग यायला हवा होता. असल्या गोष्टींवर माझ्या वडिलांनी विहारात तासतासभर भाषणं केली होती आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. पण नारळाचा प्रसाद तोंडात होता, नाना समोर होते, आणि दुसरं असं की त्या गठ्ठ्यात माझ्या बहिणीचा फॉर्म आहे हे मला माहीत होतं. अक्का धुळ्याच्या शाळेत शिकवायची. आठांत सर्वांत लहान, म्हणून तळाशी होती, आता शेवटून दुसरी. मी तो फॉर्म ओढून काढला आणि आबांना विचारलं, ही चालेल का, सवाष्ण आहे. हा शब्द माझ्या तोंडून गेला, हे मी आजही कुणाला सांगत नाही. इथे लिहिते आहे, एवढंच.

आबा चालेल म्हणाले. अक्काची नोंद पहिली झाली. मग उरलेले, आणि त्या बाईंची त्या गठ्ठ्यातली शेवटची. पुढे तीन आठवडे मी बाकीचे गठ्ठे संपवत बसले.

आता यादीचं सांगते, कारण सगळं त्या यादीवर अडलं होतं. चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी संस्थेने नवी शाळा काढली होती. तिथे राहायला जायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा संस्थेने ठरवलं, की सेवाज्येष्ठतेच्या यादीत जो शेवटचा, त्याने जून महिन्यात तिकडे जायचं. यादीचा नियम साधा होता. जो आधी रुजू झाला तो वर, आणि एकाच दिवशी रुजू झाले असतील तर वयाने मोठा तो वर. जायची पाळी त्या आठांतल्याच कुणावर येणार होती.

मी आज्ञा लिहिली: क्रम लाव रुजू तारखेने, मग स्वल्पविराम, मग जन्मतारखेने. यंत्राने कुरकुर केली नाही. यादी छापून आली. आमचा कागद अरुंद होता, जन्मतारखेचा रकाना त्यात मावेना म्हणून मी तो छपाईतून वगळला. नाव, शाळा, शिक्षण, रुजू तारीख एवढंच छापलं. आठांच्या तुकडीत अक्का सगळ्यात वर आणि फैजपूरच्या बाई सगळ्यात खाली. म्हणजे चोपड्याकडे त्या जाणार होत्या.

मला हे दिसलं नव्हतं का? अक्का वर आहे हे दिसलं होतं. ते बरं वाटलं आणि मी पुढे पाहिलं नाही. तीनदा तपासणारी मी त्या दिवशी एकदाच तपासून मोकळी झाले. नानांनी यादी फलकावर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की यंत्राला नातेवाईक नसतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. आमचे वडील आखाजीला सण म्हणत नसत, आमरसाचा दिवस म्हणत, आणि दोन वाट्या जास्त खात. अक्काची मुलगी दोन वर्षांची होती. मेहुणे नरडाण्याच्या एका कारखान्यात, धुळ्याहून रोज जाऊन-येऊन करायचे. अक्काची बदली चोपड्याकडे झाली असती तर संसाराचे दोन तुकडे झाले असते. आल्या आल्या तिने विचारलं, माझा नंबर नाही ना लागला? मी म्हटलं, नाही. ती आईला म्हणाली, चला, आता पोळ्या मी करते, आणि खापर चुलीवर चढवलं. कुणाचा लागला, हे तिने विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात फैजपूरच्या बाई आल्या. दुपारचं ऊन, डोक्यावरून पदर, दारात चपला काढून त्या आत येऊन उभ्या राहिल्या. कूलरसमोरची खुर्ची रिकामी होती, तरी बसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी आधीच्या वर्षीची हातानं लिहिलेली यादी काढली, आबांच्या अक्षरातली नक्कल.

“मी तुकडीत पहिली होते,” त्या म्हणाल्या. “शेवटची कशी झाले, एवढं सांगा.”

मी म्हटलं, यंत्र नियमाप्रमाणे लावतं. त्यांनी विचारलं, मग नियम बदलला का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, आठांत मी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. यावर मी जे बोलले ते सांगायला लाज वाटते. त्या आठांतल्या पाच जणांची जन्मतारीख एक जून होती. आमच्या पिढीपर्यंत गावोगावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याला-त्याला एक जून देऊन टाकलेली. मी म्हटलं, बाई, तुमचीही एक जूनच ना, त्या तारखेवर किती विसंबायचं? त्या म्हणाल्या, दिवस मास्तरांनी दिला असेल, साल तर माझंच आहे.

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. घरात सासूबाई, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मधल्या सुट्टीत घरी जाऊन त्यांना जेवू घालतात आणि परत येऊन तास घेतात. फैजपूरहून चोपड्याच्या पलीकडे रोज जाणं-येणं होण्यासारखं नाही, आणि म्हातारी घर सोडायला तयार नाही. शेवटी त्या म्हणाल्या, पहिल्या नावाच्या बाई तुमच्या सख्ख्या बहीण ना?

माझं डोकं तडकलं. अक्काचं नाव यादीत सासरचं होतं. ते ओळखायचं म्हणजे कुणीतरी सांगितलं असणार, आणि सांगणारा कार्यालयातलाच. तुम्हाला हे कुणी शिकवून पाठवलं, असं मी सरळ विचारलं. बाई गोंधळल्या. तुमच्या बहिणीनेच सांगितलं होतं, म्हणाल्या, प्रशिक्षणाला आम्ही एका खोलीत होतो, दोन दिवस माझ्या घरीही राहून गेल्या. मला ते खोटं वाटलं. बाई गेल्या. दारात चपला घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला होता, हे मला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

माझा संशय आबांवर होता. संगणक आल्यापासून त्यांचे गठ्ठे बांधायचं काम गेलं होतं, आणि फुकटच्या वस्तूत काही ना काही असणार हे भाकीत खरं करायला त्यांना एक तक्रार हवीच असणार. मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, की फैजपूरच्या बाईंना तुम्ही पाठवलंत का?

आबांनी चष्मा काढला. कपाटातून त्यांचं जुनं रजिस्टर काढून माझ्यासमोर उघडलं आणि बोट ठेवलं. फैजपूरच्या बाई तुकडीत पहिल्या, अक्का शेवटची. जन्माची सालं शेजारी लाल शाईत लिहिलेली. दोघींत नऊ वर्षांचं अंतर होतं.

“मी पहिलाच दिनले बठ्ठं देखं,” आबा हळू आवाजात म्हणाले. यादी लागली त्याच दिवशी त्यांना सगळं दिसलं होतं.

मग गप्प का बसलात, असं मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता. आबांना राग आलाच नाही, हे जास्त वाईट होतं. ते म्हणाले, मला वाटलं, तू बहिणीसाठी केलं असशील. म्हणून बोललो नाही. आणि मग समजूत घालावी तसं म्हणाले, “आपला मानूससाठे कोन नही करत?”

इतके दिवस मला भीती होती, की हे लोक माझी चूक काढतील. आबांनी चूक काढली नव्हती. त्यांनी मला लबाड ठरवून वर माफही करून टाकलं होतं, एखाद्या घरच्या पोरीसारखं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, दोनदा. रडले म्हटलं तरी चालेल.

परत येऊन मी खोलीचं दार लावून घेतलं आणि यंत्रावर बसले. आता माझा संशय यंत्रावर आला होता आणि तिथे मी कुणाची भीड ठेवणारी नव्हते. तीच आज्ञा पुन्हा दिली, तीच यादी आली. आज्ञेतून जन्मतारीख काढून टाकली. तरी तीच यादी. जन्मतारीख परत घालून फक्त तिचा क्रम उलटा लाव म्हटलं. तीच. मग मी स्वल्पविरामापुढे जन्मतारखेच्या जागी इंग्रजी अक्षरांत ‘भरीत’ असं लिहिलं. भरीत नावाचा रकाना जगातल्या कुठल्याच शिक्षकाच्या माहितीत नसतो. यंत्राने मुकाट्याने भरीत गिळलं आणि तीच यादी काढून दिली, अक्का वर, बाई खाली.

मग मी त्या मूळ संहितेच्या फाइली पुन्हा उघडल्या. प्रत्येक डेटाबेसमध्ये एक भाग असतो, पार्सर म्हणतात त्याला. आपण लिहिलेली आज्ञा शब्दाशब्दाने वाचायची आणि काय हवंय ते आतल्यांना सांगायचं, हे त्याचं काम. क्रम लावायची आज्ञा पार्सर कशी वाचतो ते शोधायला मला ती अख्खी दुपार आणि दुसरा दिवस लागला. पहिला रकाना तो नीट वाचत होता आणि आत कळवत होता. स्वल्पविराम आला की पुढचंही सगळं वाचत होता आणि त्याचं काहीच करत नव्हता. त्या जागी लिहिणाऱ्याने एक टीप ठेवली होती. तिचा अर्थ असा, की एकाहून अधिक रकान्यांनी क्रम लावणं अजून जमत नाही, पण दुसऱ्या डेटाबेससाठी लिहिलेल्या आज्ञा इथे अडू नयेत म्हणून पुढचे रकाने वाचून सोडून देतो आहोत, सवड झाली की करू.

मी न वाचलेली ती माहितीची फाइलही मग उघडली. शेवटी ‘अजून होत नसलेल्या गोष्टी’ असं शीर्षक, आणि खाली चौथ्या ओळीवर तेच, साध्या सरळ शब्दांत. त्या फुकट देणाऱ्यांनी काहीही लपवलेलं नव्हतं. मी लपवलेलं शोधत होते, म्हणून उघडं ठेवलेलं वाचलं नाही. तरीसुद्धा मला त्यांचा राग आला आणि अजून येतो. जमत नाही तर नाही म्हणावं माणसानं, अडावं, ओरडावं. समोरच्याचं ऐकल्यासारखं करून मान डोलवायची आणि करायचं काहीच नाही, ही आमच्या कार्यालयातली रीत त्यांना कोणी शिकवली होती कोण जाणे.

जन्मतारीख सोडून दिल्यावर यंत्राकडे एकच क्रम उरत होता, ज्या क्रमाने मी नोंदी केल्या तो. म्हणजे त्या तुकडीत फैजपूरच्या बाईंना शेवटी कुणी ठेवलं, हे शोधायला आता पार्सर उघडायची गरज नव्हती. पाडव्याच्या दिवशी आबांनी ठेवलं आणि मी अक्काला काढून वर बसवलं. यंत्र तारखांचं काय करेल ते आबांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. एका बाईच्या नावाने सुरुवात नको, इतकं मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. रुजू तारीख आणि जन्मतारीख जोडून मी एकच नवा रकाना केला आणि त्या एकाच रकान्याने क्रम लावायला सांगितलं. यादी बरोबर आली. फैजपूरच्या बाई तुकडीत पहिल्या. सगळ्यात शेवटी, सगळ्या संस्थेत शेवटी, अक्का.

तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. अक्काला कळवायचं का, हा विचार मी केला आणि लगेच सोडला. मला वाटलं, ती रडेल. मेहुण्यांना पुढे करेल, आईला मध्ये घालेल, गप्प बस म्हणेल, आणि मी गप्प बसेन. मला स्वतःचा भरवसा नव्हता हे खरं, पण त्याहून जास्त मला तिचा नव्हता. तेव्हा मी घरी अक्षर काढलं नाही आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन नानांकडे गेले.

नानांना यंत्र चुकलं हे ऐकायचं नव्हतं. ते चारचौघांत यंत्राची ग्वाही देऊन बसले होते. त्यांनी कागद पाहिला, दार लोटलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, की यादी लागली आहे, हरकती मागवायची मुदत संपत आली आहे, आता कशाला उकरून काढतेस? शिवाय यात तुझ्याच बहिणीचं भलं होतंय. मी म्हटलं, म्हणूनच आले. नानांनी कागदावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. हिला यातून काय मिळणार आहे, याचा ते अंदाज बांधत असावेत. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

त्यांनी आबांना बोलावलं. मला वाटलं, संपलं, आता हे दोघं मिळून पांघरूण घालणार. आबांनी नवा कागद हातात घेतला, उभ्याउभ्याच रजिस्टरशी ताडून पाहिला, एकेका नावावर बोट ठेवत. मग बाहेर गेले आणि फलकावरची यादी टाचण्यांसकट काढून आणली. नानांना म्हणाले, ही लावतो. नानांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आबांनी ते हो समजून यादी लावली. माझी माफी त्यांनी मागितली नाही, मीही त्यांची मागितली नाही. पण त्यांनी तो लाल फितीचा गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला तेव्हा फैजपूरच्या बाईंचा फॉर्म तळातून काढून त्याच्या जागी वर ठेवला. मी ते पाहतेय हे त्यांना माहीत होतं.

बाई नवी यादी बघायला आल्या. आपलं नाव पाहिलं आणि वहीत सगळ्या आठांची नावं उतरवून घेतली. आभार मानले नाहीत. जाताना दारातून विचारलं, ही तरी पक्की ना? मी पक्की म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला त्याचं वाईट वाटायचा हक्क नव्हता.

कार्यालयात मात्र चर्चा थांबली नाही. आधी म्हणत होते, बहिणीला वर चढवलं. आता म्हणू लागले, बहिणी-बहिणींत काहीतरी बिनसलंय, नाहीतर सख्ख्या बहिणीला कोण असं रानात धाडतं. एकाने तर मला विचारलंही, वडिलांच्या घराच्या वाटणीचं काही आहे का? आमचं घर पोस्टाच्या क्वार्टरमध्ये होतं.

अक्काला बदलीचा आदेश धुळ्याला शाळेत मिळाला. माझ्याकडून तिला एक शब्द गेला नव्हता. ती भांडायला येईल म्हणून मी वाट पाहत होते, उत्तरं तयार ठेवली होती. ती आली नाही. मेहुण्यांचं पत्र आलं वडिलांना, चार ओळींचं, की जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ती मुलीला घेऊन तिकडे जाईल, मी नरडाण्याला खोली घेऊन राहीन, रविवारी जाऊन येईन.

सामान पोचवायला मी तिच्याबरोबर गेले. जळगावहून चोपड्याची एसटी, तिथून पुढे जीप. तिची मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, पायाशी स्टोव्ह आणि भांड्यांची गोणी. अर्ध्या वाटेपर्यंत अक्का सामानाबद्दलच बोलली. दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागले, वारा जरा गार झाला. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, तुला कधी कळलं होतं? मी सांगितलं, आदेश निघायच्या बारा दिवस आधी.

“बारा दिवसांत एक पत्र टाकता आलं नाही तुला?”

ती म्हणाली, फैजपूरच्या त्या बाईंच्या सासूला मी पाहिलंय. त्यांच्या घरी दोन दिवस राहिले होते तेव्हा म्हातारीने हात लावून लावून माझा चेहरा पाहिला होता. मला कळलं असतं तर मी स्वतः नानांना अर्ज दिला असता, की यादीचं काय व्हायचं ते होवो, मी जाते. चार लोक म्हणाले असते, बाई आपणहून गेली. आता म्हणतात, बहिणीने पकडून दिली.

तिचा आवाज चढला नव्हता. एसटी एका थांब्यावर थांबली, कुणी उतरलं, पुन्हा सुटली. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“मी गप्प बस म्हणेन, असं वाटलं तुला?”

खोटं बोलायला वेळ होता. आपल्याला आदेश निघायच्या आधी कुणाला सांगायची परवानगी नव्हती, असं म्हणता आलं असतं, आणि तिने ते मानलंही असतं.

“हो,” मी म्हणाले.

अक्काने मान हलवली. मग माझ्या मांडीवर झोपलेली पोर तिने अलगद उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. चोपडा यायला अजून अर्धा तास होता.